चारशे पावलांचा जाब

सुनेचा पाय असा का पडतो, असं कुणी विचारलं की शालूबाईंचं उत्तर तयार असायचं.

"आवं, तिनंच नवस बोलला. डाक्टर नगं म्हणत हुता, मी नगं म्हणत हुते, पर ऐकंल तर ती दीपमाला कसली!"

एवढं बोलून त्या पदर खोचायच्या आणि उसाच्या तोडीचा नाहीतर कुणाच्या सोयरिकीचा विषय काढायच्या. विचारणारी बाई हळहळायची, चहा संपवून निघून जायची. दीपमाला हे सगळं ऐकत असायची, कधी ओट्याशी, कधी आतल्या दाराला टेकून. तिनं एकदाही "तसं न्हाई" म्हटलं नाही. तिनं एकदा जरी म्हटलं असतं ना, तरी शालूबाईंना बरं वाटलं असतं. भांडता आलं असतं. भांडणात शालूबाई कधी हरल्या नव्हत्या. पण न बोलणाऱ्या माणसाशी कसं भांडायचं?

दीपमालाचा डावा घोटा हलत नव्हता. टाच जमिनीला लागत नव्हती. चवड्यावर भार द्यायचा, मग पाय ओढायचा, असं तिचं चालणं. न्हाणीतून बाहेर आली की शहाबादी फरशीवर तिची ओली पावलं उमटायची. उजवं पाऊल अख्खं, डाव्याचा नुसता चवडा. शालूबाई लगेच फडकं घेऊन ती पुसून टाकायच्या. "घसरंल कुणीतरी," म्हणायच्या. घरात तर दोघीच असायच्या. मुलगा विश्वजीत फौजेत हवालदार, सरहद्दीवर. घसरणार कोण?

आता मुळापासून सांगते, म्हणजे तुम्हाला कळेल.

साताऱ्याहून तासाभरावर, कृष्णाकाठचं गाव. काही वर्षांमागं ट्रॉलीतून उतरताना दीपमालाचा घोटा मोडला होता. तो बरा झाला खरा, पण आतला सांधा झिजत गेला. पाऊल टाकलं की डोळ्यात पाणी. शेवटी साताऱ्यातल्या डॉक्टर धैर्यशील यांच्या दवाखान्यात नेलं. मोठा माणूस. भिंतीवर सत्कारांचे फोटो, टेबलावर गणपती. ते म्हणाले, "घोट्याची हाडं स्क्रूनं एकमेकांना घट्ट बसवू. ती जुळून एकच हाड होईल. मग घोटा हलणार नाही, पण दुखणारही नाही. फक्त तीन महिने पाय जमिनीला टेकवायचा नाही, बरं का!"

नर्सनं संमतीचा कागद पुढं केला. दीपमालानं विचारलं, "ह्यात काय काय लिवलंय? आन् जुळलं न्हाई तर काय?"

शालूबाईंनी तिला कोपरानं ढोसलं. "कर गं सही. डाक्टरला असलं इचारत्यात व्हय? द्येवमाणूस हाय."

सही झाली. जुळलं नाही तर काय, हे कुणी सांगितलं नाही.

ऑपरेशन झालं, पायाला प्लास्टर चढलं, आणि पाचव्या आठवड्यात दीपमाला म्हणायला लागली, "आत्याबाई, प्लाष्टरात माझं पाऊल खाली झुकल्यावानी वाटतंय वो." तपासायला नेलं. एक्स-रेचा फोटो काढला. डॉक्टरांनी तो उजेडात धरला, क्षणभर थांबले, फाइलमध्ये काहीतरी लिहिलं आणि म्हणाले, "ठीक आहे. पुढच्या महिन्यात या." शालूबाईंनी हात जोडले. काय लिहिलं, हे विचारायचं कुणाच्या डोक्यातही आलं नाही.

आणि सातव्या आठवड्यात गावची यात्रा आली.

भैरोबाच्या पहिल्या नैवेद्याचा मान शालूबाईंच्या घराचा. घरच्या सुनेनं डोक्यावर नैवेद्याची पाटी घेऊन, अनवाणी, घरापासून देवळापर्यंत जायचं. वाटेत पाटी खाली टेकायची नाही, दुसऱ्या कुणाच्या हातात द्यायची नाही. सून गेली नाही तर मान चुलतघरी, हंबीररावांकडं जाणार. हंबीररावांनी नव्या पाटीला रंगसुद्धा देऊन ठेवला होता! ते शालूबाईंच्या कानावर आलं आणि त्यांचं डोकं फिरलं.

"चारशे पावलं हाईत," त्या सुनेला म्हणाल्या. "मी मोजल्याती. मी वीस वर्सं चाललीया. भैरोबाच्या वाटंवर कुणाचं वाईट झालंय का आजवर?"

"पर डाक्टरांनी..."

"डाक्टर गावचा न्हाई. त्याला काय कळतंय मानाचं?"

बघा, दोन महिन्यांपूर्वी तो देवमाणूस होता. आता त्याला काही कळत नव्हतं. आपली सगळ्यांची रीत हीच. जिथं विचारायचं तिथं हात जोडायचे, आणि जिथं ऐकायचं तिथं तोंड चालवायचं!

शालूबाईंनी स्वतःच्या हातानं प्लास्टरला हळद-कुंकू लावलं. नऊवारीचा घोळ खाली सोडून ते झाकलं. हलगी वाजायला लागली. दीपमालानं पाटी घेतली आणि निघाली. मागं तांब्या घेऊन शालूबाई. लोक बाजूला होत होते, बाया हात जोडत होत्या, हंबीररावांचं तोंड उतरलं होतं. शालूबाईंचा ऊर भरून आला.

चावडीच्या पुढं, वळणावर, त्यांना तो आवाज आला.

कट्.

वाळलं चिपाड पायाखाली मोडावं, तसा. हलगीच्या दणक्यात तो दुसऱ्या कुणाला ऐकू गेला नाही. दीपमालाच्या अंगातून एक शिरशिरी गेली, पाटी एकदा हलली. तिनं मागं वळून सासूकडं पाहिलं. नुसतं पाहिलं. तेव्हा शालूबाईंनी काय म्हणायला हवं होतं? "थांब, ठेव पाटी." तीन शब्द. त्या म्हणाल्या, "चल, ऱ्हायलंय किती!"

दीड-दोनशे पावलं राहिली होती. ती चालली.

आठव्या आठवड्यात प्लास्टर उघडलं. स्क्रू मोडलेला, हाड जुळलेलं नाही, पाऊल खाली झुकलेलं. डॉक्टरांनी विचारलं, "पाय टेकवला होता का?" शालूबाई भिंतीवरच्या फोटोंकडं बघत राहिल्या. दीपमाला म्हणाली, "व्हय." डॉक्टरांनी हात झटकले. "मग आता माझ्याकडं बोट दाखवू नका."

संध्याकाळी विश्वजीतचा फोन आला. तो ओरडला, "कुणी सांगितलं हुतं चालायला?" फोन शालूबाईंच्या हातात होता. त्यांच्या तोंडून निघून गेलं, "तिनंच नवस बोलला, बाबा. ऐकतीया व्हय कुणाचं?"

बस्स. त्या दिवसापासून तेच खरं झालं. नवरा सुट्टीवर आला की बायकोला सुनवायचा, "तुझ्या हट्टानं पाय घालवलास." दीपमाला ताट वाढत राहायची.

*

आता लोकांना वाटेल, शालूबाई सुखात होत्या. छे हो!

त्यांना ऊस खाता येईना. कुणी कांडं मोडलं की त्यांचा हात छातीशी जायचा. पापड मोडला, काटकी मोडली, कुणी बोटं मोडली, की झालं. कुठंही चालल्या की पावलं मोजली जायची. नळापर्यंत साठ. गिरणीपर्यंत दोनशे दहा. चारशेच्या जवळ आकडा आला की त्या मधेच थांबायच्या आणि उगाच कुणाशी तरी बोलत बसायच्या. मनुबाई शेजारीण हसायची, "शालूबाई, आजकाल लय गप्पिष्ट झालायसा!" काय सांगणार तिला?

एकदा दीपमाला आठ दिवस माहेरी वाईला गेली. भर दुपार. घरात शालूबाई एकट्या, डाळ निवडत. तर आतल्या खोलीत आवाज. टप... सर्र. टप... सर्र. चवडा टेकून पाय ओढल्याचा. माजघरातून न्हाणीकडं, न्हाणीतून परत. शालूबाईंनी ताट खाली ठेवलं. "कोन हाय?" कुणी नाही. बाहेर लख्ख ऊन पडलेलं, अंगणात कोंबड्या. त्या उठून आत गेल्या. फरशी कोरडी ठणठणीत. तरी त्यांनी फडकं आणलं आणि गुडघ्यावर बसून ती कोरडी फरशी पुसली. एकदा पुसली, दोनदा पुसली. मग स्वतःचाच हात बघून त्या घाबरल्या.

जिवंत माणसाचं भूत होतं, हे तेव्हा त्यांना कळलं. सून चांगली जिवंत, वाईत बसून भावाच्या पोरांना खेळवतेय, आणि इकडं तिचा पाय घरात हिंडतोय!

देवळात गेल्या तर भैरोबाकडं बघवेना. मान राहिला होता ना घरात? राहिला होता. पण त्या मानाकडं बघितलं की चावडीचं वळण दिसायचं.

*

असं होता होता दोन वर्षं भरत आली. एके दिवशी ग्रामपंचायतीत कायद्याचं शिबिर होतं. बोलायला आली होती नीलिमा. गावातल्याच आबा मास्तरांची लेक, बौद्धवाड्यातली. साताऱ्याच्या कोर्टात वकिली करते आणि विधी सेवा प्राधिकरणाच्या वतीनं गावोगाव फिरते. शिबिर संपलं, बाया उठल्या, पण दीपमालाला सतरंजीवरून उठता येईना. नीलिमानं हात दिला, पाय बघितला आणि तिला धरून घरी घेऊन आली.

शालूबाईंनी दारातच तोफ डागली. "काय गं नीलिमा, वकील झालीस म्हणून आता घराघरात भांडणं पेरत फिरतीस व्हय?"

"काकी, भांडण मागनं पेरू. आधी चहा तरी टाका," नीलिमा हसली आणि सोप्यातल्या खुर्चीवर न विचारता बसली.

याच सोप्यात नीलिमाच्या आईला चहा वेगळ्या कपातून, तोही पायरीवर मिळायचा. शालूबाईंना ते आठवलं. नीलिमाला आठवत होतं की नाही, तिच्या चेहऱ्यावरून कळेना. शालूबाईंनी घरातल्या कपबशीत चहा आणला आणि खुर्चीपुढं ठणकन ठेवला.

"वहिनी, पायाचे कागद कुठं आहेत?" नीलिमानं विचारलं.

"दवाखान्यातच ऱ्हायले," दीपमाला म्हणाली.

"मागा की मग! लेखी अर्ज द्या. पेशंटनं कागद मागितले की तीन दिवसांत त्याची नक्कल द्यावी लागते. फोटो, ऑपरेशनची नोंद, तुम्ही सही केलेला कागद, सगळं."

"कशाला?" शालूबाई मधे पडल्या. "डाक्टरवर केस घालायची? उद्या गावातल्या कुणाला डाक्टर हात लावंल का?"

"प्रश्न विचारला म्हणून हात आखडणारा डॉक्टर काय कामाचा, काकी? आणि केस घालाच, असं मी कुठं म्हणतेय? ऑपरेशन बिघडलं म्हणजे डॉक्टर गुन्हेगार, असं नसतंय. चांगल्यातल्या चांगल्या हातानं केलं तरी एखाद्याचं हाड जुळत न्हाई, जखम चिघळते. ते नशीब. पण धोका आधी सांगितला होता का, बिघडतंय हे दिसल्यावर काय केलं, पेशंट ओरडत असताना ऐकलं का, हे विचारायचा आपला हक्क आहे. ते कागदावरनं कळतं. तोंडावरनं न्हाई."

"आन् चुकलंच असंल तर?"

"तर ग्राहक आयोगात तक्रार करता येते. सातारला. वकील नसला तरी चालतं. वहिनींना तर विधी सेवेतनं वकील फुकट मिळंल. बाईमाणसाला मिळतोच. डॉक्टरांच्या परिषदेकडं वेगळी तक्रार करता येते. पोलीस म्हणाल, तर ते अगदी ढळढळीत हलगर्जीपणा असंल तरच. पण दुसऱ्या जाणत्या डॉक्टरचं मत आधी पाहिजे. आणि काकी, आयोगाची मुदत दोन वर्षांची आहे. पाय बिघडल्याचं कळून किती दिवस झाले?"

"दोन वर्सं व्हायला दीड म्हैना कमी," दीपमाला म्हणाली. इतक्या चटकन, की शालूबाईंनी वळून बघितलं. ही दिवस मोजत होती?

नीलिमानं पेन काढलं. "पाय कवा टेकवलासा, वहिनी?"

दीपमाला खाली बघून म्हणाली, "यात्रेला. मीच नवस बोलले. माझ्या हट्टानं."

शालूबाईंनी ते ओळखलं. वाक्य त्यांचंच होतं. शब्दन् शब्द. पण सुनेच्या तोंडून ते पहिल्यांदाच येत होतं, पाठ केलेल्या धड्यासारखं.

"इस्वजीत सुट्टीवर आला की बघू," त्या घाईनं म्हणाल्या. विश्वजीत अडीच महिन्यांनी येणार होता. तोवर मुदत संपणार, हे त्यांना चांगलं कळत होतं. शाळेत तिसरीपर्यंतच गेल्या होत्या, पण एवढा हिशेब यायचा.

नीलिमा अर्ज लिहून ठेवून गेली. तीन दिवस तो कागद देवळीत, देवाच्या फोटोमागं पडला होता. शालूबाईंनीच सारला होता तिथं. चौथ्या दिवशी बघतात तर कागद नाही.

"दीपमाला, त्यो अर्ज?"

"सही करून दिला धाडून, आत्याबाई." सून भाकरी थापत होती. मान वर केली नाही. "लय दुखतंय वो आता. सहन हुईना."

घरात आल्यापासून न विचारता केलेली तिची ही पहिली सही!

*

कागद आले. ते घेऊन तिघी सांगलीला निघाल्या. नीलिमाच्या ओळखीनं नव्हे. हाडांच्या शस्त्रक्रियेतल्या जाणकार म्हणून डॉक्टर माया यांचं नाव दोन-तीन ठिकाणांहून कळलं होतं. एसटीत शालूबाई खिडकीशी बसल्या होत्या. बाहेर तोडलेल्या उसाची रानं, पाचटाचे ढीग. त्यांनी डोळे मिटून घेतले. मनात एकच चाललं होतं. आता तिथं कळणार. डॉक्टरनं केलं की मी केलं. डॉक्टरनं केलं असलं तर मी सुटले. मी केलं असलं तर...

पुढचं वाक्य त्या पुरं करत नव्हत्या.

डॉक्टर माया बारक्या चणीच्या, चष्मा डोक्यावर सारलेल्या. त्यांनी दीपमालाचा पाय बराच वेळ हातात घेऊन बघितला. मग एकेक फोटो उजेडाच्या पेटीवर लावला.

"हा कधीचा बघा. पाचव्या आठवड्यातला. पाऊल नडगीशी काटकोनात बसायला हवं होतं. इथं ते खाली झुकलंय. आणि हा स्क्रू हवा त्यापेक्षा लांब आहे, खालच्या चांगल्या सांध्यात शिरलाय. त्या दिवशीच्या नोंदीत डॉक्टरांनी स्वतः लिहिलंय, 'स्थिती समाधानकारक नाही, पुन्हा शस्त्रक्रियेचा विचार.' हे तुम्हाला सांगितलं होतं?"

"न्हाई," दीपमाला म्हणाली. "ठीक हाय म्हणाले. पुढच्या म्हैन्यात या म्हणाले."

शालूबाई खुर्चीतून उठल्याच. "पाचव्या आठवड्यात? म्हंजे यात्रेच्या आधी? आधीच वाकडं हुतं?"

"हो, आधीच."

"बघा! बघा! मी म्हणत न्हवते!" त्या काहीच म्हणत नव्हत्या, पण दोन वर्षांचा श्वास सुटल्यासारखा आवाज त्यांच्या तोंडून निघाला. डोळे भरून आले. सुटले, भैरोबा, सुटले मी!

डॉक्टर मायांनी चष्मा डोळ्यावर घेतला. "थांबा आजी. पाऊल वाकडं बसलं, स्क्रू चुकीच्या जागी गेला, आणि ते तुम्हाला सांगितलं नाही. एवढं कागदावर दिसतंय. पण हाड जुळलं नाही आणि स्क्रू मोडला, ते चालण्यामुळं झालेलं असू शकतं. न चालताही कधी कधी होतं. पण अंगावरचा सगळा भार, डोक्यावर ओझं, सातव्या आठवड्यात? त्यानं नुकसान वाढलं असणार. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत." मग त्या दीपमालाकडं वळल्या. त्यांचा आवाज मऊ झाला. "मला मतात लिहावं लागेल, म्हणून विचारते. तीन महिने सांगितलेले असताना चालायचं कुणी ठरवलं?"

दीपमालानं पदराचं टोक बोटाला गुंडाळलं. "मीच नवस बोलले. माझ्या हट्टा..."

कट्!

कुणी काही मोडलं नव्हतं. खोलीत काटकी नव्हती, पापड नव्हता. तरी शालूबाईंना तो आवाज इतका स्पष्ट आला की त्यांनी दोन्ही कानांवर हात ठेवले. आणि त्यांना चावडीचं वळण दिसलं, हललेली पाटी दिसली, आणि मागं वळून बघणारे ते डोळे. ते डोळे तेव्हा काय म्हणत होते, ते त्यांना त्याच दिवशी कळलं होतं. दोन वर्षं त्या न कळल्याचं सोंग करत होत्या.

"खोटं हाय!" त्या किंचाळल्या. "डाक्टरीणबाई, खोटं हाय त्ये! लिवू नगा! तिनं न्हाई बोलला नवस. मी चालीवली तिला. ह्या ह्या हातानं प्लाष्टरला हळद-कुकू लावलं मी! वाटंत मोडल्याचा आवाज आला मला. माघारी बघितलं तिनं. मी म्हनलं, चल! मी म्हनलं, चल..."

नीलिमा पुढं झाली. दीपमाला जागची हलली नाही. तिच्या हातातला पदर सुटला होता, आणि ती सासूकडं बघत होती. या वेळी शालूबाईंनी नजर चुकवली नाही.

"आवाज मला बी आला हुता," दीपमाला हळूच म्हणाली. "मला वाटलं, तुमाला ऐकू गेला नसंल. दोन वर्सं मी तेवढ्यावर काढली, आत्याबाई. ऐकू गेला नसंल म्हणून."

पेटीचा दिवा तेवढा जळत राहिला.

*

बाहेरच्या बाकावर बसूनच शालूबाईंनी विश्वजीतला फोन लावायला लावला. सगळं सांगितलं. मग तो म्हणाला, "आई, मी तिला दोन वर्सं बोलत हुतो गं." थोड्या वेळानं, "तिला फोन दे."

शालूबाईंनी फोन पुढं केला. दीपमालानं घेतला नाही. "नंतर बोलते म्हनावं," ती म्हणाली आणि समोरच्या भिंतीकडं बघत राहिली.

नीलिमानं तक्रारीचा मसुदा केला, तेव्हा शालूबाईंच्या जबाबापाशी ती थांबली. "काकी, नीट ऐका. डॉक्टरांच्या चुकीचे कागद आपल्याकडं आहेत. पण तुमचा जबाब गेला की त्यांचा वकील म्हणणार, निम्मं नुकसान घरच्यांनी केलंय. भरपाई कमी होऊ शकते. आयोग काय ठरवंल, हे मी आज सांगू शकत न्हाई."

"आन् न्हाई लिवलं तर?"

"गाव साक्षीला आहे. सगळ्यांनी वहिनींना चालताना बघितलंय. मग ते वहिनींच्या माथी जाईल."

"मंग लिव. सगळं लिव. हळद-कुकू बी लिव." शालूबाईंनी नाक पुसलं आणि जुना ताठा एकदम आवाजात आला. "आन् डाक्टरानं काय लपीवलं, त्ये बी लिव! माझं पाप मी फेडीन. त्याचं बी मीच का फेडू?"

मुदतीला अकरा दिवस उरले असताना तक्रार दाखल झाली. निकाल लागायचा आहे. दीपमालाचा पाय पुन्हा एकदा उघडावा लागणार आहे, आणि या वेळी कागदावर सही करण्याआधी तिनं डॉक्टर मायांना अर्धा तास प्रश्न विचारले. त्या कंटाळल्या नाहीत. विचारायला नको का मग?

तक्रार देऊन साताऱ्याहून परतताना एसटी स्टँडवर दोघी बसल्या होत्या. शालूबाई म्हणाल्या, "माफ कर, असं म्हनायला बी त्वांड न्हाई मला."

दीपमालानं मांडीवरची पिशवी खाली ठेवली. मग म्हणाली, "मला तुमचा लय राग येतो, आत्याबाई."

लग्नाच्या चौदा वर्षांत ती असं पहिल्यांदा बोलली होती.

"येऊ दे," शालूबाई म्हणाल्या. "म्हनत जा. माझ्या तोंडावर म्हनत जा."

गाडी लागली. शालूबाई आधी चढल्या नाहीत. सुनेला धरायला त्यांनी हात पुढं केला. दीपमालानं तो हात बघितला, दांडा धरला, आणि एकेक पायरी स्वतःच चढली.

मंडळी, तो आवाज शालूबाईंच्या कानातून गेलेला नाही. जाणारही नाही, आणि जाऊही नये. पण तुम्ही-आम्ही त्यातून एवढं तरी घ्यावं. डॉक्टरला देव म्हणू नका, म्हणजे त्याला माणसासारखा जाब विचारता येईल. सही करण्याआधी काय बिघडू शकतं ते विचारा. कागद मागून घ्या आणि जपून ठेवा. दुखतंय म्हणणाऱ्याचं ऐका. अन्याय झाला असं वाटलं तर दोन वर्षं हात बांधून बसू नका. आणि दवाखान्याकडं बोट दाखवायच्या आधी, आपल्या घरात कुणाच्या तोंडी आपण आपलं खोटं घातलंय, हेही बघा. दुसऱ्याकडं न्याय मागायचा असला, तर पहिली साक्ष आपल्याविरुद्ध द्यायची तयारी पाहिजे!